करपलेला प्रसाद

चूक सोमगिरी महाराजांची होती. मठात ती त्यांच्या पदरात घालायची कुणाची छाती नव्हती, एवढंच.

“मग थुंकलास का?” महाराजांनी विचारलं.

“करपला होता,” दीक्षा घ्यायला आलेला सर्वेश म्हणाला.

“प्रसाद?”

“पाक.”

पंगत थबकली.

पानात आंबोळ्या, वर गुळाचा काळपट पाक. मठाची रोजची न्याहारी. नैवेद्याआधी ती कुणी चाखायची नाही, नंतर तिला कुणी नावं ठेवायची नाहीत, असा नियम. म्हणून पाक वर्षानुवर्षं करपत होता आणि पांढऱ्या दाढ्या ‘अमृत, अमृत’ म्हणत तो चाटत होत्या.

रघुनाथबुवा, मठाचे आचारी, हातातल्या पळीसकट पुढे आले.

“कॉलेज अर्ध्यावर टाकलंस, आता प्रसादही टाक! तुला जमतं तरी काय रे?”

“कॉलेजही करपलेलंच होतं, बुवा. तिथलेही म्हातारे अमृतच म्हणायचे.”

“महाराज, असल्याला दीक्षा देणार तुम्ही? आजच डोंगर उतरवा याला. माझ्या पाकात जप असतो. तुम्हीच म्हणालात.”

म्हणाले होते. बुवांनी पहिल्यांदा पाक जाळला, तेव्हा त्यांचं तोंड उतरलेलं बघून महाराज म्हणाले, “जप मुरलाय यात.” झालं. तेव्हापासून बुवा पातेल्यापुढे डोळे मिटून जप करू लागले. इकडे नाम, तिकडे गूळ बुडाला लागलेला. सणावारी जप जास्त, म्हणून पाक जास्तच काळा.

‘उतरवाच याला,’ म्हणून म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. महाराजांनी सर्वेशकडे पाहिलं.

“उद्याचा पाक तू कर. बिघडला तर डोंगर उतर.”

“आणि जमला तर?”

“आधी कर.”

पहाटे सर्वेशने गूळ चिरला, पाण्यात विरघळवला, फडक्यातून गाळला. कचरा निघाला तो बुवांच्या समोरच ठेवला. मग मंद आचेवर पातेलं, आणि पळी हातातून सुटली नाही.

“अरे, नाव घे देवाचं,” बुवा मागून म्हणाले.

“नंतर. आत्ता बघतोय.”

“काय बघतोयस?”

“पाक.”

त्याने ताटलीत थेंब टाकला. थेंब पाण्यासारखा पळाला नाही, गोळीही झाला नाही. आळसावल्यासारखा सरकला. सर्वेशने पातेलं उतरवलं, वेलची टाकली.

तेवढ्यात महाराज आत आले. पातेल्याशी वाकले, पळीवर बोट फिरवलं... आणि चाटलं.

“महाराज!” बुवा किंचाळले. “उष्टं झालं! देवाच्या आधी?”

महाराजांनी पुन्हा बोट फिरवलं. पुन्हा चाटलं. मग तेच पातेलं उचलून देवापुढे नेलं.

त्या सकाळी पंगतीत कुणीही अमृत म्हणालं नाही. बोलायला तोंड रिकामं होतं कुणाचं?

“वाढ रे अजून.”

“इकडे, इकडे. पाक आधी.”

आंबोळ्या संपल्या, तसे सगळे बोटांनी पानं पुसायला लागले. बुवांनी तर पान उचलून बघितलं, खाली गळलाय का.

मग महाराजांनी दीक्षा घेतलेल्यांच्या ओळीत, अगदी आपल्या शेजारी, एक पाट मांडायला लावला.

“बस.”

सर्वेश बसला. ताठ, मांडी घालून, जागा आपलीच असल्यासारखा. ज्या म्हाताऱ्यांनी काल त्याला हाकलायला माना डोलावल्या होत्या, ते निमूट सरकले.

बुवा मात्र पानावरून उठले.

“महाराज... माझा पाक रोज कडू असायचा?”



“हो,” सर्वेश म्हणाला.

“तुला नाही विचारलं. महाराज, तुम्हाला कळत होतं?”

“पहिल्या घासापासून.”

“मग बोलला का नाहीत? माझं आयुष्य गेलं त्या चुलीपुढे!”

महाराजांनी पुढचं पान बाजूला सारलं.

“तुमचं मन राखलं, बुवा. त्यानंतर इथे मला कुणी खरं सांगितलं नाही.”