तेलाबाहेर बसलेली फोड

फोडींना मतं असायची, त्या काळातली गोष्ट. द्वारकाकाकूंनी कैरीच्या फोडींना मीठ लावून त्या बरणीत भरल्या आणि वर बोटभर तेल ओतलं. तशी एक फोड फणकारली, "मी झाडावरची अस्सल कैरी. मला ही भेसळ नको."

मीठ म्हणालं, "अगं, आम्ही राखणीला आलोय. बुडून राहा."

"राखण कुणापासून? इथे तर कुणीच दिसत नाही!" असं म्हणून फोड तेलाबाहेर डोकं काढून बसली.

थोड्याच दिवसांत तिच्यावर पांढरी बुरशी चढली. तिला ती मानाची टोपी वाटली.

बुरशी खालपर्यंत उतरलेली पाहून काकूंनी अख्खी बरणी उकिरड्यावर ओतली.

तिथे मिठाने विचारलं, "आता तरी दिसलं का कुणी?"

फोड टोपी सावरत म्हणाली, "नाही. इथेही आपणच आहोत."