धारेवर रोवलेली काठी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर तेव्हा राज्य कोणाचं होतं हे मलाही ठाऊक नाही, आणि त्यावाचून गोष्टीचं काही अडत नाही. लहानांनी ऐका, थोरांनीही ऐका. थोरांनी जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण यात जे घडलं ते एका थोर माणसाच्या हातून घडलं.

एका उंच डोंगराच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे एक. मधे डोंगराची धार. धारेच्या दोन्ही बाजूंना खोल दरी आणि वर एक बैलगाडी कशीबशी जाईल एवढीच रुंदी. उन्हाळ्यात पायाखाली खडक असायचा, तेव्हा बायामाणसं डोक्यावर ओझी घेऊन गप्पा मारत पलीकडे जायची. हिवाळा लागला की मात्र बर्फ पडायचा.

आता बर्फ म्हणजे सगळा एकच, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नसतं. नुकता पडलेला बर्फ भुसभुशीत असतो, पाय गुडघाभर आत जातो. दिवसा ऊन खाऊन रात्री गोठलेला बर्फ इतका कडक होतो की त्यावर पाय ठरत नाही. आणि सगळ्यांत वाईट तो वाऱ्याने बांधलेला. घराच्या भिंतीबाहेर छपराची वळचण येते ना, तसा वारा धारेच्या बाहेर बर्फ बांधत नेतो. वरून पाहावं तर चांगली रुंद, सपाट, पांढरी वाट दिसते. खाली काहीही नसतं. त्या लोकांनीही तिला वळचणच नाव दिलं होतं. ती दर वर्षी एका जागी नसायची, एकाच हिवाळ्यात दोनदा जागा बदलायची.

म्हणून गावात एक रीत होती. धारेवर जाणाऱ्याने हातात काठी घ्यायची. काठीच्या वरच्या टोकाला आपापल्या घराच्या रंगाची चिंधी बांधलेली असायची. जिथे आपला पाय घसरला, किंवा जिथे पायाखालचा बर्फ खचला, तिथे काठी रोवून यायची आणि घरी रिकाम्या हाताने परतायचं. मागून येणाऱ्याने चिंधी पाहून त्या जागेपासून लांब राहायचं. वैशाखात बर्फ उतरला की ज्याने त्याने जाऊन आपली काठी आणायची.

रीत पाडणारे शहाणे होते. पुढचे लोक आपल्यासारखेच निघाले. कोणी रिकाम्या हाताने गावात शिरला की वेशीजवळच्या ओट्यावर बसलेले हसायला लागायचे. ही गोष्ट घडली त्याच हिवाळ्यात टोपल्या विणणारा एक गरीब माणूस असा परतला होता. कपाळाला खोक पडलेली, थंडीने ओठ निळे झालेले. त्याला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. ओट्यावरून एक जण म्हणाला, "काय रे, पाय घरीच विसरून गेला होतास काय?" सगळे खो खो हसले. त्या दिवसापासून त्याचं नाव बिनकाठ्या पडलं. तो बाजूने गेला की पोरंसुद्धा तेच नाव घेऊन ओरडायची.

तो टोमणा मारणारा माणूस गावचा वाटाड्या होता. प्रत्येक हिमवर्षावानंतर धारेवर पहिला तोच जायचा, वाट कशी आहे ते पाहून यायचा आणि गावाला सांगायचा. त्याच्या शब्दावर लोक जायचे किंवा घरी बसायचे. सोळा हिवाळ्यांत त्याची काठी एकदाही धारेवर राहिली नव्हती. ती त्याच्या बापाची काठी होती, निळ्या चिंधीची, हाताने गुळगुळीत झालेली. तो तोंडाने बढाई मारत नसे, हे खरं आहे. पण गावात शिरताना काठी अशी धरायचा की ती सगळ्यांना दिसावी.

त्याला एक थोरली बहीण होती, येसू. सगळं गाव तिला येसूआक्का म्हणायचं. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. ती दोन्ही गावांची सुईण होती. पलीकडे कोणाला तिची गरज लागली की तिथले लोक टेकडीवर शेजारी शेजारी दोन धूर करायचे. ते दिसले की ती आपली लाल चिंधीची काठी उचलायची आणि निघायची. धार ओलांडायला तिने कधी कुरकुर केली नाही.

पौष महिन्यात एकदा सलग तीन दिवस बर्फ पडला. चौथ्या दिवशी उघडलं आणि वाटाड्या वाट पाहायला गेला. अर्ध्याहून जास्त धार संपली. पुढे एक फुटका खडक होता, त्याच्या उजव्या बाजूने जायची नेहमीची सवय. त्याने उजवा पाय टाकला आणि तो पाय मांडीपर्यंत खाली गेला. काठी आडवी अडकली म्हणून तो वाचला. पडल्या पडल्या त्याने भोकातून खाली पाहिलं. खाली दरी होती, आणि एक घार त्याच्या पायाखालून उडत चालली होती.

तो सरपटत मागे आला. खडकाला टेकून त्याने दम खाल्ला. मग उठून त्याने रोवायला काठी उचलली.

आणि इकडे तिकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

त्याच्या डोळ्यांपुढे तो टोपल्या विणणारा आला. ओट्यावरचं हसणं आठवलं, आणि त्यात आपला आवाज सगळ्यांत मोठा होता हेही आठवलं. सोळा हिवाळे, त्याने मनाशी मोजलं. मग स्वतःची समजूत घातली, 'जागा मला कळली, तेवढं पुरे. मीच सगळ्यांना डावीकडून नेईन. काठी कशाला हवी?' तो डावीकडून पुढे गेला, उरलेली वाट पाहिली आणि परत फिरला. येताना पाहतो तर वाऱ्याने बर्फ उडवून ते भोक बुजवून टाकलं होतं. त्याच्या पावलांच्या खुणाही राहिल्या नव्हत्या.

तो गावात आला तेव्हा ओट्यावरच्यांनी आधी त्याच्या हाताकडे पाहिलं. काठी होती.

"वाट बरी आहे," तो म्हणाला. "बर्फ चांगला बसलाय."

संध्याकाळी पलीकडच्या टेकडीवर दोन धूर दिसले. थोड्याच वेळात येसूआक्का भावाच्या दारात आली.

"पलीकडच्या सावकाराच्या सुनेचे दिवस भरलेत," ती म्हणाली. "पहिलटकरीण आहे बिचारी, उजाडलं की निघते. वाट कशी आहे रे?"

वाटाड्याने चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं. "बरी आहे."

"ते दिसतंच आहे की." तिने कोपऱ्यातल्या निळ्या चिंधीकडे पाहिलं. "तुझी काठी घरात असली की मला विचारायचीसुद्धा गरज पडत नाही."

शब्द त्याच्या ओठांवर आला होता. एवढंच म्हणायचं होतं, आक्का, फुटक्या खडकापाशी उजवीकडे जाऊ नकोस. पण ती विचारणार, का? आणि मग काठी इथे कशी? तो म्हणाला, "मी येतो उद्या तुझ्याबरोबर."

"कशाला? आजच दमून आलास. वाट बरी आहे म्हणतोस, मग मी काय लहान आहे? पेज पी आणि झोप." तिने लहानपणी फिरवायची तसाच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली.

आता तुम्ही म्हणाल, त्याच वेळी उठून तिच्यामागे का गेला नाही? मीही हेच म्हणतो. ही गोष्ट सांगताना दर वेळी मला त्याचा राग येतो. पण त्याने ठरवलं होतं की सकाळी तिला दारातच गाठायचं आणि काय ते सांगून टाकायचं. चांगलं काम उद्यावर टाकणाऱ्याला झोप मात्र छान लागते.

सकाळी तो तिच्या घरी गेला तेव्हा दाराला कडी होती. शेळीपुढे चारा टाकलेला होता, आणि त्यातला अर्धा शेळीने खाल्लाही होता. पहिलटकरणीची काळजी लागल्यामुळे येसूआक्का उजाडायच्या आधीच निघाली होती. काठी घेऊन तो धावत सुटला.

धारेवर धुकं होतं. हाक मारली तरी ती चार पावलांवर विरून जात होती. बर्फात तिच्या पावलांच्या खुणा होत्या, लहान, सारख्या अंतराच्या, न घाबरता चाललेल्या बाईच्या. त्या खुणांवरून तो धावत होता. फुटका खडक कधी आला ते धुक्यात त्याला कळलंसुद्धा नाही. तो उजवीकडे वळला, कारण खुणा उजवीकडे वळल्या होत्या.

आणि समोर लाल चिंधी आली.

सोळा हिवाळ्यांची सवय होती. चिंधी दिसताच पाय आपोआप थांबले. धुकं जरासं हललं तेव्हा त्याला दिसलं, काठीच्या पुढे हातभर अंतरावर वळचण तुटली होती. तुटलेल्या कडेवर एका हाताच्या पाच बोटांचे खोल ओरखडे होते.

वाटाड्याला बर्फ वाचता येत होता, त्याचं पोटच त्यावर होतं. त्याने वाचलं. खाली जाणाऱ्या माणसाच्या हातून सुटलेली काठी आडवी पडते. काठीला धरून वर यायची धडपड केली असती तर ती दरीकडे कलली असती. ही काठी सरळ उभी होती, निम्मी आत गेलेली. एका हाताने ती बाई कडेला लोंबकळत होती, आणि दुसऱ्या हाताने तिने मागून येणाऱ्यासाठी काठी रोवली होती. तिच्यामागून तिचा भाऊ येत होता, हे तिला कुठे ठाऊक होतं?

तो तिथे बसून रडला. किती वेळ, ते सांगायला तिथे कोणी नव्हतं. मग त्याने आपली काठी तिच्या काठीशेजारी रोवली आणि गावाकडे उतरायला लागला.

तो रिकाम्या हाताने गावात शिरला तेव्हा ओटा भरलेला होता. सगळ्यांनी आधी त्याच्या हाताकडे पाहिलं. कोणी हसलं नाही, कारण त्याच्या तोंडाकडे बघून हसायची कोणाची छाती झाली नाही. टोपल्या विणणारा तेवढा उठून पुढे आला.

"कुठे?" त्याने विचारलं. तो स्वतः परतला होता तेव्हा त्याला कोणी हे विचारलं नव्हतं.

"फुटक्या खडकाच्या उजव्या बाजूला."

"कधी खचलं?"

वाटाड्याने खाली मान घातली. "काल दुपारी."

गावची थोरली म्हातारी ओट्याच्या टोकाला बसली होती. ती हळूच म्हणाली, "काल तर तुझ्या हातात काठी होती."

"होती."

"आणि येसू?"

वाटाड्याने दरीकडे हात केला.

बायका रडायला लागल्या. एक दोघे त्याच्या अंगावर धावून गेले, तेव्हा म्हातारी काठी टेकत मधे येऊन उभी राहिली. "त्याला काय मारता?" ती म्हणाली. "त्याचं पाप त्याला जन्मभर पुरेल. त्याला लाज वाटली. पण ती कशाची? आपल्या हसण्याची. हा टोपलीवाला आला तेव्हा ओट्यावर कोण कोण हसलं होतं, त्यांनी जरा वर बघा." कोणीही वर पाहिलं नाही. म्हातारी स्वतःही खालीच पाहत होती.

पलीकडे दोन दिवस धूर होत राहिले. तिसऱ्या दिवशी दिसेनासे झाले. वाट उघडल्यावर निरोप आला की बाळ वाचलं, आई गेली.

वाटाड्या पुन्हा कधी धारेवर गेला नाही. तो घरात बसून काठ्या तासायचा आणि रिकाम्या हाताने आलेल्याला नवी काठी द्यायचा. पोरं विचारायला आली तर त्यांना सगळी हकीकत सांगायचा, स्वतःला न वाचवता. त्याचं नाव गावाने हळूहळू घेणं सोडलं, म्हणून मलाही ते सांगता येत नाही. वाट पाहून यायचं काम टोपल्या विणणाऱ्याकडे आलं.

गावाने रीतही थोडी बदलली. कोणी काठीवाचून परतला की ओट्यावरचे सगळे उठून उभे राहायचे, त्याला गरम पेज द्यायचे, आणि एकच गोष्ट विचारायचे, कुठे? वैशाखात सगळे आपापल्या काठ्या आणायला जायचे. फुटक्या खडकापाशी त्या दोन काठ्या मात्र खडकाच्या फटीत रोवून तिथेच राहू दिल्या होत्या. निळी चिंधी वाऱ्याने केव्हाच नेली. लाल चिंधी मात्र टोपल्या विणणारा दर वर्षी नवी बांधायचा.

बोध: जिथे आपला पाय घसरला ती जागा कधी लपवू नये, कारण मागून येणारं माणूस आपलंच असतं.