हौद्यातला गूळ

मिठागरावर माणसं पिकअप ट्रक वाऱ्यासारखे पळवायची आणि ते बघून प्राणीही तसलेच इवलेसे ट्रक बनवायचे, त्या काळची ही गोष्ट. एका चिचुंद्रीला रात्रभर झोप नव्हती. तिच्या लेकीने, ठमीने, काडेपेट्यांचा, बटणांच्या चाकांचा, रबरबँडवर पळणारा हुबेहूब ट्रक केला होता आणि सकाळी ती स्वतः त्यात बसून शर्यतीत उतरणार होती. ट्रक उलटला तर? वाटेत पोरीला भूक लागली तर? दुसऱ्या काळजीवर निदान उपाय होता. उजाडताच तिने ट्रकच्या मागच्या हौद्याचं झाकण हळूच उचललं आणि आत गुळाचा मोठा खडा ठेवला.

सरड्याने आपला ट्रक तासून तासून पिसासारखा हलका केला होता. ठमीच्या ट्रकचं खाली बसलेलं बूड बघून तो म्हणाला, "काय मावशी, शर्यतीला निघालात की बाजाराला?"

चिचुंद्रीला वाटलं, आपणच लेकीला हरवणार! पण ती तोंड उघडेपर्यंत ट्रक सुटलेसुद्धा.

सरड्याच्या ट्रकची मागची चाकं जागच्या जागी गरगरली, मग ट्रक उडाला आणि उताणा पडला. ठमीची चाकं मात्र जमीन धरून राहिली आणि ती सरळ निशाणापर्यंत गेली.

आई धापा टाकत पोचली. "ठमे, तुला न विचारता मी हौद्यात गूळ ठेवला होता गं."

"माहितेय," ठमी गूळ कुरतडत म्हणाली. "चाकं जागीच गरगरू नयेत म्हणून माणसं मागे दगडांचं वजन भरतात. तू काहीतरी ठेवशीलच, म्हणून मी हौदा रिकामाच ठेवला होता."