राखेतला टप्पा

“...तर मग उस्ताद, एका षटकापायी माणसाचा अख्खा जन्म मोडीत काढायचा असतो का?”

केरबा साळोखेनं हे विचारलं तेव्हा नबीसाहेब दर्ग्याचं अंगण झाडत होते. झाडू थांबला नाही.

हे नबीसाहेब एकेकाळी संस्थानच्या मैदानावर गोलंदाज घडवायचे. त्यांची शिकवायची रीत जगावेगळी. मॅटवर राख पसरायची, चेंडू टाकायला लावायचा आणि टप्पा पडेल तिथं वाकून बोट ठेवायचं. ना शाबासकी, ना शिवी. पुढं संस्थान गेलं, नोकरी गेली, आणि म्हातारा इथं दर्ग्यात झाडू मारत राहिला. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्यांचा शब्द गावात अजून चालायचा.

आणि केरबा? अहो, तसा डावखुरा या मुलखात पुन्हा झाला नाही. अकरा वर्षं भल्याभल्यांना त्यानं घाम फोडला. पण लोकांना त्यातलं काय आठवतं? लष्करी पलटणीच्या संघाविरुद्धचं शेवटचं षटक. पलटणीला दहा धावा हव्या होत्या. गावातल्या सट्टेवाल्यांनी पलटणीवर डाव लावला होता, हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं. केरबानं एकामागोमाग तीन आखूड चेंडू टाकले. तीन चौकार गेले आणि सामनाही गेला.

आठ दिवसांनी केरबाच्या दारात दुभती म्हैस आली.

म्हैस बोलत नाही, पण गाव बोलतं. तिचं नावच पडलं ‘मॅचची म्हैस’. आळीत तिचं दूध कुणी घेईना. केरबाला संघातून काढलं, आणि तेव्हापासून तीस वर्षं तो एकच वाक्य सांगत फिरला, की हात सरकला. लोक मान डोलवायचे आणि पाठ वळली की हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं?

आता मैदानावर नवी इमारत उभी राहत होती. तिच्या भिंतीत जुन्या खेळाडूंच्या नावांचा दगड बसायचा होता. कमिटीनं केरबाला तोंडावर सांगितलं, तो सामना पाहिलेला भरवशाचा माणूस आता एकच उरलाय. नबीसाहेबांनी अंगठा दिला तर नाव कोरू, नाहीतर नाही. तेव्हा केरबा कागद लिहूनच घेऊन आला होता. शाईची डबीसुद्धा खिशात होती.

त्यानं कागद वाचून दाखवला. केरबाचा हात सरकला, त्यात लबाडी नव्हती, एवढंच त्यात होतं.

नबीसाहेबांनी झाडू भिंतीला टेकवला.

“चेंडू हाय का जवळ?”

होता. कोटाच्या खिशात, रंग उडालेला. असला माणूस चेंडू घरी ठेवून कुठं जातो?

म्हाताऱ्यानं धुनीतली राख पाटीभर आणून अंगणात पसरली. पलीकडं आपली काठी उभी रोवली. मग म्हणाले, तुझे नावाजलेले चेंडू टाक. तीन टाक.

केरबा खूष झाला. कोट काढला, बाह्या सारल्या. पण साठीचा खांदा तो. पहिला चेंडू इकडं, दुसरा तिकडं, तिसरा भलतीकडंच. काठीला एकही लागला नाही. केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारा मात्र राखेकडं बघत उभा होता.

“आता त्या दिवसाचा टाक.”

“त्यो कसा टाकू, उस्ताद? त्यो सरकला हुता.”

“आठवंल तसा टाक. तीनदा.”

केरबानं दोन पावलं घेतली. हात आपोआप वर गेला. पहिला टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला. खांदा दुखला नाही की श्वास लागला नाही. चांगलं जमलं म्हणून त्याला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. अभिमान मोठा वाईट असतो बघा, तो आपल्याच विरुद्ध साक्ष देतो आणि वर छाती काढून उभा राहतो.

नबीसाहेब वाकले आणि त्यांनी राखेत बोट ठेवलं.

केरबा जवळ आला. चेंडू सहा टाकले होते. राखेत खुणा चारच होत्या.

...

कबुतरं खाली उतरून दाणे टिपायला लागली.

मग केरबा मटकन खाली बसला. म्हणाला, बायको बाळंतीण होती, अंगावर दूध नव्हतं, पोरगं रडून रडून निळं पडायचं. सट्टेवाला म्हणाला, तीनच चेंडू, आणि जागा दाखवून गेला. आठ दिवस ओढ्याकाठी त्या जागेचा सराव केला. आयुष्यात दुसऱ्या कुठल्या टप्प्यासाठी इतकं राबलो नाही. सांगताना तो रडत होता, आणि नबीसाहेबांचेही डोळे भरले होते.

“पोरगं वाचलं?”

“वाचलं. त्याचंच पोर उद्या माझं नाव हुडकाय मैदानावर येनार हाय.” केरबानं डोळे पुसले. कागद पुन्हा पुढं केला. “तुमाला खरं कळलं, बास झालं. पर अंगठा द्या उस्ताद. तुमी न्हाई म्हनला तर त्या पोराला मी काय सांगू?”

नबीसाहेब त्याच्याकडं बघत राहिले. याच केरबाच्या मनगटाला त्यांनी वळण दिलं होतं. आपल्या हातचं सगळं त्याला दिलं होतं.

त्यांनी डबी उघडली. अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. ठसा स्वच्छ उमटला, रेघ न् रेघ दिसत होती. केरबानं हात जोडले.

म्हाताऱ्यानं अंगठा पुन्हा बुडवला. त्याच ठशावर दाबला. मग तिसऱ्यांदा बुडवला, आणि बरोबर तिथंच दाबला.

कागदावर नुसता काळा डाग राहिला. त्यात कुणाचाच अंगठा ओळखू येत नव्हता.

त्यांनी कागदाची घडी घातली आणि केरबाच्या हातात दिली.

“घे लेकरा... माझाबी हात सरकला.”