पौषातला फणस

“उद्या सकाळी देवाला पिकलेला फणस पाहिजे!” महंत धुंडीबुवा गरजले. “नाही आणलास, तर तुझं झाड देवाचं!”

साळू फणसवाली बघतच राहिली. महिना पौष! झाडावर बोटाएवढंही फळ नाही. आणि घरातली पाच तोंडं त्या एका झाडावर जगत होती. गेल्या वैशाखात तिनं बुवांना फुकट फणस दिला नव्हता, हाच काय तो तिचा गुन्हा.

घंटावळ देशात राजा नव्हता. गादीवर खुद्द देव डुलेश्वर. घरटी पायलीभर धान्य आणि पाळीनं एक दिवसाची चाकरी, यावर राज्य चालायचं. देव नैवेद्याचा नुसता वास घ्यायचा. मग शिपाई, कारकून आणि बुवा जेवायचे. हुकूम देवाचा, तोंड बुवांचं, आणि पोट तर बुवांचंच बुवांचं!

साळूनं पदर खोचला. “बुवा, देवानं हे मागितलं कधी?”

“मघाशी! दुपारचं जेवण झाल्यावर. माझ्या कानात.”

“अगं बाई! दुपारी? मग देवाला उठवलं कुणी?”

सभामंडपातल्या लोकांनी देवाच्या पडद्याकडे पाहिलं. नैवेद्य झाला की पडदा ओढून देव झोपायचा. तेवढा वेळ लोहारानंसुद्धा घण उचलायचा नाही. देवाची झोप मोडेल तो त्याच दिवशी शिवेबाहेर! मागच्याच महिन्यात नुसती शिंक आली म्हणून बुवांनी एका कासाराला हाकललं होतं.

“मी नाही हं उठवलं!” बुवा घाईघाईनं म्हणाले.

“मग पहारेकरीदादा, तुम्ही आवाज केलात?”

पहारेकऱ्यानं कान पकडले. “देवाशपथ नाही, साळूअक्का! आत कुणीच जागं नव्हतं. बुवासुद्धा घोरत होते!”

लोकांनी तोंडात उपरणी कोंबली.

“देव झोपेतच बोलला!” बुवा लालबुंद झाले. “आणि मी झोपेतच ऐकलं!”

“झोपेतलं बोलणं हुकूम म्हणून चालतं?”

“चालतं म्हणजे? चालतंच!”

“बरं झालं सांगितलंत! परवा देवाचा पंखा ओढायची पाळी माझी होती. देव झोपेत बरळला, ते मी ऐकलं. मी मेलीनं मनावरच घेतलं नाही!”

“काय… काय बोलला?”

“म्हणाला, धुंडीला महिनाभर एकवेळ पेज द्या. तूप बंद.”

देवाचा आचारी लगेच पुढे झाला. “अक्का, आजपासून की उद्यापासून?”

आधी बुवांचं पोट हललं. मग खांदे. मग मिशा. “अगं, आणखी काय काय बोलला देव?”

“आठवावं लागेल, बुवा. झाड माझं राहिलं, तर सगळं विसरेन म्हणते.”

बुवा असे खदखदून हसले की पडद्यावरच्या घंटा किणकिणल्या! झाड राहिलंच, वर देवाच्या गोठ्यातली दुभती गाय बक्षीस मिळाली. गायीचं दावं हातात घेऊन साळूनं पुन्हा तोंड उघडलं मात्र, बुवा दोन्ही कान झाकून ओरडले, “वासरूही ने!”