चांद्याचं बाशिंग

फार जुनी गोष्ट. पाटलाच्या एकाच नांगराला चांद्या आणि पवळ्या हे दोन बैल वर्षभर राबत. पोळ्याला पाटलीणबाईंच्या हातचा पहिला घास जो घेई, तोच तोरणाखालून पुढे निघे. तो मान चांद्याला हवा होता. त्याने आरशांची झूल पांघरली, उंच बाशिंग बांधलं.

"पवळ्यादादा, शिंगांना नुसता गेरू? चारचौघांत शोभतं का?"

पाटलीणबाईंनी पुरणपोळी आधी त्याच्यापुढेच धरली. पण बाशिंग ढळेल म्हणून चांद्याने मान काही वाकवली नाही. पवळ्याने वाकून घास घेतला आणि तो वाजतगाजत पुढे निघाला.

मागून चांद्या पुटपुटला, "बाशिंग तरी जागेवर राहिलं!"

"छान दिसतंय रे बाळा," पवळ्या मायेने म्हणाला. "पुढच्या पोळ्यालाही बांध हो. फक्त जेवून झाल्यावर."