रानबदकांचं गाळणं

“मग यात खोट कुठे आहे, ते तरी दाखवा!”

सोसुकेने कपावर ठेवायचं चिनीमातीचं कॉफीचं गाळणं गुरूंच्या पुढ्यात ठेवलं.

दक्षिण जपानमधल्या त्या डोंगरगावात चिनीमातीच्या भांड्यांवर चित्रं काढायला शिकायचं म्हणून तो यासुहेईंकडे आला, त्याला अकरा वर्षं झाली होती. हे एक गाळणं त्याने अठरा दिवस रंगवलं होतं. बोरूच्या बनातून निळी रानबदकं उठत होती. काठाला केसाएवढी सोन्याची रेघ. असं काम पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाच्या हातून होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. आता फक्त गुरूंनी तसं म्हणायला हवं होतं.

यासुहेईंनी गाळणं उजेडात धरलं. फिरवून पाहिलं. त्यांचे हात आता कापायचे.

“हिच्यासाठी यातून कॉफी कर,” ते म्हणाले.

त्यांची बायको, सोसुकेच्या माई, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून होत्या. चार दिवस पोटात अन्न नव्हतं. हातपाय गार पडत चालले होते. सकाळपासून त्यांनी एकच गोष्ट मागितली होती... कडकडीत कॉफी.

सोसुकेने त्यांच्या उशाशीच मांडामांड केली. गाळण्यात कागद लावला, पूड घातली आणि किटलीतून बारीक धार सोडली. पण नजर बदकांवरून हलेना. वाफेने ओलावली, तशी ती खरोखरच उडाल्यासारखी दिसू लागली. त्याने थांबून गाळणं खिडकीकडे वळवलं. पुन्हा धार. पुन्हा थांबला...

यासुहेई समोरच बसले होते. काही बोलले नाहीत.

त्याने माईंच्या ओठांना कप लावला. एक घोट घेऊन त्यांनी तोंड फिरवलं.

“कोमट आहे रे...”

“दुसरी करतो, माई. आत्ता करतो.”

पाणी उकळेपर्यंत माई गेल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी अस्थी घरी आणल्या. सोसुके गाळणं घेऊन तडक अंगणातल्या दगडापाशी गेला. त्याने हात उगारला, तोच मागून कापऱ्या बोटांनी त्याचं मनगट धरलं.

“सोडा, गुरुजी. याच्यापायी माई तशाच गारठून गेल्या.”

यासुहेईंनी गाळणं त्याच्या मुठीतून सोडवून घेतलं.

सोसुकेचा बांध फुटला.

“चिनीमाती गार असते, आधी कढत पाण्याने विसळून घ्यावी, हे तुम्हीच शिकवलंत मला. मी विसरलो. वर रेंगाळत बसलो. पण तुम्ही तर समोर होतात! एक शब्द बोलला असतात तर... का नाही बोललात?”

 म्हाताऱ्याचा अंगठा सोन्याच्या रेघेवरून सावकाश फिरत होता.

“माझीही नजर यावरून निघत नव्हती, सोसुके.”